मोजा कुणी विणला?

यंदाच्या वार्षिक प्रदर्शनात हस्तव्यवसाय विभागाचे परीक्षण आमच्याकडे होते. आम्ही म्हणजे दोन पालक आणि याच शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका. निकाल लावून, चहा घेऊन, फोटो काढून आम्ही घरी गेलो. त्यानंतर आठ दिवस आम्हां तिघींचे फोनवर जे काही बोलणे झाले ते त्या निकालाबद्दलच. तो निकाल चुकला होता आणि चूक आमची होती. ती आमच्याच पानावर मान्य करावी आणि त्या निमित्ताने विश्वस्त मंडळ व पालकांपुढे एक मागणी मांडावी, म्हणून हा लेख.

पाचवी ते आठवीच्या टेबलावर नेहमीची मंडळी होती. मण्यांची तोरणे, रंगवलेल्या बाटल्या, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, टिकल्यांची रांगोळी. त्यांतली चार तोरणे अगदी जुळ्या बहिणींसारखी होती आणि एकाच्या मागे किमतीची चिठ्ठी अर्धी निघालेली, अर्धी तशीच होती. आम्ही ती पाहिली. पाहून न पाहिल्यासारखे केले, कारण दरवर्षी तसेच करण्याची सवय झाली आहे.

त्याच टेबलाच्या कडेला निळ्या-पांढऱ्या सुताचे, नक्षीचे पायमोजे होते. सातवीतल्या एका मुलाने विणलेले. एका मोज्याचा चवडा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब, नक्षीतला एक चौकोन सरकलेला, टाचेजवळ एक गाठ बाहेर आलेली. गुणपत्रिकेत 'सफाई' असा दहा गुणांचा रकाना आहे. तिथे आम्ही त्याला चार दिले. पहिले बक्षीस एका तोरणाला गेले आणि मोज्यांना उत्तेजनार्थ मिळाले. 'हे काम विद्यार्थ्याने स्वतः केले काय?' असा रकाना आमच्या गुणपत्रिकेत नाही.

निकालानंतर आमच्यापैकी एकीने त्या मुलाला सहज विचारले, "आजीने विणून दिले ना रे?" त्याने काही उत्तर दिले नाही. दप्तरातून चार सुयांवर चढवलेला एक अर्धा मोजा काढला, पाचवी सुई हातात घेतली आणि आमच्यासमोर उभ्याउभ्या एक फेर पुरा केला. तो तिसरा मोजा होता. पहिला लांब झाला म्हणून दुसऱ्याला जोडीदार हवा, म्हणून तिसरा. आम्हाला काय वाटले ते सांगायला नको.

आता मुद्द्याकडे येतो. येत्या जूनपासून पाचवी ते आठवीचा हस्तव्यवसायाचा तास गणित आणि इंग्रजीला द्यावा, असा विचार चालू आहे. त्यामागची कारणे आम्हाला परकी नाहीत. मराठी माध्यमाकडे येणारी मुले कमी होत आहेत. शेजारच्या शाळांच्या पाट्यांवर संगणकाची चित्रे आहेत. पालक प्रवेशाच्या वेळी निकालाचे विचारतात, तोरणाचे कुणी विचारत नाही. आणि हस्तव्यवसायाच्या तासात आज जे चालते ते पाहिले, तर तो तास गेला म्हणून रडावे असे त्यात फारसे उरलेलेही नाही. दुकानातून तोरण आणून गुण मिळवणे हा हस्तव्यवसाय असेल, तर तो खुशाल बंद करावा. आमचे म्हणणे असे की तो तास बंद करू नये. त्यात खरे काम सुरू करावे, आणि ते काम विणकाम असावे.

हसू येईल हे आम्हाला ठाऊक आहे. सुरतेत मोजे! जिथे जानेवारीतही दुपारी पंखा लागतो, तिथे लोकरीचे मोजे घालणार कोण? पण आम्ही लोकरीचे म्हटलेले नाही. त्या मुलाचे मोजे सुताचे होते आणि सुताचे मोजे ही काही आजची टूम नाही. इजिप्तमध्ये सापडलेले सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वीचे विणलेले मोजे आज संग्रहालयांत आहेत. ते सुताचे आहेत, त्यांत निळा आणि पांढरा रंग आहे आणि त्यांवर भौमितिक नक्षीच्या पट्ट्या आहेत. जगात शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या सुयांवरच्या विणकामात त्यांची गणना होते. त्याच इजिप्तमध्ये, कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या वस्तीत, गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे असंख्य तुकडे सापडले. त्यांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. मोज्यांचे सूत इकडून गेले होते असे आम्ही म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण निळीत रंगवलेले सूत आणि उष्ण हवा या दोन्ही गोष्टी मोज्याच्या आड आल्या नव्हत्या, एवढे नक्की.

आपल्या घरांत तर मोजा नवीन नाहीच. बाळंतविड्यात झबली, दुपटी, कुंची, टोपरे आणि त्याबरोबर चिमुकले पायमोजे असत. आजी, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी सातव्या महिन्यापासून सुया घेऊन बसे. मुलगा की मुलगी हे माहीत नसल्यामुळे पिवळा किंवा पांढरा रंग ठरलेला. आज बाळंतविडा पेटीत बंद होऊन, वर रिबीन लावून मिळतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या सुया ज्या हातांत होत्या ते हात आता सत्तरी-ऐंशीचे आहेत आणि त्यांना येणाऱ्या विणी कुठेही लिहिलेल्या नाहीत. 'अमकीची जाळी', 'तमकीची वेणी' अशी घराघरांतली नावे होती. माणूस गेले की नाव जाते आणि नावाबरोबर वीणही. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना १९६२ सालचे चीन युद्ध आठवते. तेव्हा देशभर बायका आणि शाळकरी मुली जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणत होत्या. उन्हाळी गावांतल्या हातांनी हिमालयातल्या पायांसाठी विणले. त्या वेळी 'आपल्याकडे थंडी कुठे आहे?' असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट, जी सुरतेत राहूनच लक्षात येते. आपल्या गुजराती शेजारणी मोजा 'गूंथतात' आणि कापड 'वणतात'. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. आपल्या मराठीत मागावरचे कापडही विणायचे, सुयांवरचा मोजाही विणायचा, बाजेची सुंभाची वीणही विणायची आणि कोळ्याचे जाळेही त्यानेच विणायचे. या शहरात आपल्यापैकी किती घरे मागावर जगली! ताप्ती लाइनने नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली माणसे लिंबायत, उधना, डिंडोलीत राहिली, पॉवरलूमवर उभी राहिली आणि त्यांची मुले याच शाळेच्या बाकांवर बसली. बाप रात्रपाळीत विणतो, आजी दुपारी विणते आणि भाषा दोघांच्या कामाला एकच शब्द देते. शाळेत मात्र त्या शब्दाला एक तास देणे जड जाते.

त्या सातवीतल्या मुलाचे वडील जॅकार्डच्या कारखान्यात डिझाइन विभागात आहेत. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मुलाची वही दाखवली. चौकटीच्या वहीत निळ्या पेनाने चौकोन भरलेले. भरलेला चौकोन म्हणजे निळा टाका, रिकामा म्हणजे पांढरा. ते म्हणाले, "ताई, हे तर आमचेच काम. आम्हीही ग्राफच भरतो. पूर्वी त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पाडत, आता संगणकावर होते." घरातल्या आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षे मला सांगितले का नाही?" सगळे हसले. पण आम्ही परतताना त्यावर बराच वेळ बोलत होतो. एकाच घरात दोन माणसे एकच विद्या जाणत होती आणि नातवाने वही उघडेपर्यंत त्यांना ते कळले नव्हते.

गणिताचा तास हवा म्हणून विणकाम काढायचे, या म्हणण्यावर तर आमचा खास आक्षेप आहे. लहान पायाच्या मोज्याला ४८ टाके घेतले असे धरू. ते चार सुयांवर बारा-बारा वाटले जातात आणि पाचव्या सुईने गोल विणत जायचे. आता नक्षीचा एक नग आठ टाक्यांचा असेल तर फेरात सहा वेळा बसतो. सहाचा असेल तर आठ वेळा. पाचचा घेतला तर नऊ वेळा बसून तीन टाके उरतात आणि नक्षी पायाच्या मागच्या बाजूला तुटते. ४८ ही संख्या विणणाऱ्या बायकांना का आवडते ते विभाजकांचा धडा शिकवताना फळ्यावर दहादा सांगितले तरी जे कळत नाही, ते एकदा नक्षी तुटली की कळते. आणि पुन्हा विसरत नाही, कारण आठ फेर उसवावे लागतात.

टाचेची गंमत याहून मोठी. अर्धे म्हणजे २४ टाके बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या २४ वर मागेपुढे २४ ओळी विणून एक चौकोनी पट्टी करायची. मग मधल्या टाक्यांवर विणायचे, कडेला दोन टाके एकत्र घ्यायचे, एक टाका विणायचा आणि ओळ अर्धवट सोडून वळायचे. पुन्हा दुसऱ्या बाजूने तसेच. असे करत २४ चे १४ टाके उरतात आणि सपाट पट्टीची वाटी होते. कात्री नाही, शिवण नाही, तरी वाटी. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांचे बारा-बारा टाके उचलायचे. १४, १२, १२ आणि बाजूला ठेवलेले २४ मिळून ६२ होतात. एक फेर सोडून दर फेरात दोन टाके कमी करत गेले की सात वेळांत पुन्हा ४८. ज्या मुलांना बेरीज-वजाबाकी 'येते' पण कुठे वापरायची ते कळत नाही, अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासमोर एकदा टाच वळवून दाखवावी. आमच्यातल्या निवृत्त बाई सांगतात की चाळीस वर्षांत फळ्यावरच्या कुठल्याही उदाहरणाला वर्गातून 'अरे!' असा आवाज आला नाही, टाचेला मात्र दरवेळी आला.

दोन रंगांची नक्षी विणताना जो रंग वापरात नसतो तो मोज्याच्या आतून सोबत न्यावा लागतो. त्याला चार-पाच टाक्यांपेक्षा लांब मोकळे सोडले तर मोजा घालताना पायाची बोटे त्यात अडकतात. त्याला फार ओढले तर मोजा आखडतो आणि टाचेवरून चढतच नाही. म्हणजे बाहेरून जे दिसत नाही त्यावरच मोजा पायात जाणार की नाही ते ठरते. त्या मुलाचे मोजे आम्ही प्रदर्शनात उलटे करून पाहिलेच नव्हते. नंतर पाहिले. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा स्वच्छ होती. पुढच्या वर्षीच्या परीक्षकांनी वस्तू उलटी करून पाहावी, एवढी तरी सूचना नोंदवून ठेवतो.

काही पालक म्हणतील, मुलींना शिकवा, मुलग्यांना कशाला? पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तिथे टोप्या विणतात ते पुरुष आणि मुलगे लहानपणीच शिकतात. युनेस्कोने २००५ मध्ये त्या बेटाच्या वस्त्रकलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. जर्मनीत स्टुटगार्टला १९१९ मध्ये सिगारेटच्या कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ स्टायनर यांनी जी शाळा काढली, तिथेही मुलगे आणि मुली एकत्र विणायला बसत, आणि त्या धर्तीच्या शाळांत आजही बसतात. आणि इतके दूर तरी कशाला जावे? आपले मुलगे उत्तरायणाच्या आधी फिरकीवर मांजा गुंडाळतात तेव्हा धागा किती ताणायचा, किती सैल सोडायचा ते त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. त्या बोटांना सुया जड जाणार नाहीत.

हाताचे काम हाच शिक्षणाचा कणा असावा, हा विचारही आपल्या दाराशीच मान्य झालेला आहे. गांधीजींच्या पुढाकाराने १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनात ती स्वीकारली गेली. ते अधिवेशन हरिपुऱ्याचे, आपल्याच सुरत जिल्ह्यातले. सुभाषबाबू अध्यक्ष होते म्हणून हरिपुरा आपल्या मुलांना पाठ असते. तिथे शाळेबद्दलही काही ठरले होते, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे मूलोद्योग गेला, कार्यानुभव आला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली. नावे बदलत गेली, तास लहान होत गेला. आता तो दप्तराविना दहा दिवसांत उरकावा असे कुणाच्या मनात असेल, तर त्यांना एकच सांगणे की दहा दिवसांत मोजा होत नाही. सरावलेल्या हातालाही एका जोडीला वीसेक तास लागतात. मुलाला त्याच्या तिप्पट धरा.

इथे एक गोष्ट आम्हाला प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. यातून कुणाचे पोट भरणार नाही. यंत्र काही मिनिटांत मोजा विणते आणि चौटाबाजारात शंभर रुपयांत जितके जोड मिळतात तितक्या किमतीत हाताच्या कामाला सूतही नीट येत नाही. हिमाचलातल्या लाहौलच्या बायका नक्षीचे मोजे आणि हातमोजे विणून विकतात. त्यांच्या त्या मोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिथे बर्फ आहे, मेंढ्या आहेत, पर्यटक आहेत. आपल्याकडे त्यातले काही नाही. मात्र लाहौलचा दाखला दुसऱ्या एका कारणासाठी द्यावासा वाटतो. ही कला तिथे आभाळातून पडली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलाँगला मोरावियन मिशनच्या मारिया हाइडे या बाईंनी मुलींना आणि बायकांना विणायला शिकवले, आणि दीडशे वर्षांत ती त्या खोऱ्याची ओळख झाली. एका बाईने एका खोलीत घेतलेल्या वर्गातून एवढे होऊ शकते. आपल्याकडे होईलच असे नाही. पण खोली तर आपल्याकडे आहे.

शाळेच्या हस्तव्यवसायाच्या कपाटाची आठवण जुन्या पालकांना असेल. त्यात विद्यार्थिनींनी केलेल्या नमुन्यांची एक जाड वही होती. प्रत्येक पानावर चार बोटांचा विणलेला चौकोन शिवलेला आणि खाली शाईने टाक्यांचा हिशेब: दोन सुलट, दोन उलट, एक धागा पुढे, दोन एकत्र. ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचे पाणी तळमजल्यात आले आणि ते कपाट चिखलात गेले. वह्या, हजेरीपत्रके, प्रयोगशाळेचे सामान यांची यादी झाली, जे शक्य होते ते पुन्हा घेतले गेले. ती नमुन्यांची वही यादीत आलीच नाही, कारण ती विकत घेता येणारी वस्तू नव्हती. ती पुन्हा करायची तर ज्यांना त्या विणी येतात त्यांना शाळेत बोलवावे लागेल, आणि ते लवकर करावे लागेल. गेल्या दोन वर्षांत अशा तीन आजी आपल्यातून गेल्या.

खर्चाचा प्रश्न विश्वस्त विचारतीलच. प्रत्येक विद्यार्थ्याला पाच दोन-टोकी सुया लागतात. बाजारात न मिळाल्या तर बांबूच्या काड्या तासून काचकागदाने घासता येतात. आमच्यातल्या एकीने शाळेत असताना सायकलच्या जुन्या आऱ्यांवर पहिला मोजा विणला होता. सुताचा मोजा लोकरीइतका ताणत नाही आणि पायातून घसरतो ही तक्रार खरी आहे. त्याला घोट्यावरची उलट-सुलट वीण लांब आणि घट्ट करणे हा उपाय आहे. बाजारात 'लोकर' म्हणून जे मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते आणि सुरतेच्या घामात ते पायाला सोसत नाही. तेव्हा सूतच घ्यावे, आणि रंगाच्या कारखान्यात ज्यांची ओळख आहे त्या पालकांनी उरलेल्या लडी द्याव्यात.

आमची मागणी थोडक्यात अशी. पाचवी ते आठवीचा आठवड्याचा एक तास राहू द्यावा, मुलगे-मुली दोघांना. त्या तासाला आजींना वर्गात बसण्याची परवानगी असावी, कारण आज शाळेत चार सुयांवर विणणारे शिक्षक नाहीत. प्रदर्शनात घरून आणलेली वस्तू घेऊ नये, वर्गात झालेली घ्यावी, मग ती अर्धी असली तरी चालेल. सफाईचे दहा गुण पाच करावेत. गणिताच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा त्या तासाला यावे. आले तर त्यांना आवडेल असा आमचा अंदाज आहे. एक वर्ष करून पाहावे आणि नाहीच जमले तर तो तास इंग्रजीला द्यावा. आम्ही पुन्हा बोलणार नाही.

ज्यांच्या घरी दोन-टोकी सुयांचा संच किंवा जुन्या नमुन्यांची वही असेल त्यांनी ती शाळेच्या कार्यालयात पोहोचवावी. वही फोटो काढून परत केली जाईल. वाचनालयाच्या खोलीत शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसण्याचे तीन आजींनी कबूल केले आहे. मागच्या शनिवारी अकरा मुले आली, त्यांत सात मुलगे. तिसरा मोजा टाचेपर्यंत आला आहे. त्या मुलाने टाके पुन्हा मोजले, या वेळी चवडा बरोबर येईल असे तो म्हणतो, आणि पहिल्या लांब मोज्याला त्याने आता चौथा विणायला घेण्याचे ठरवले आहे. त्याच्या वडिलांचा पाय मोठा आहे.